राफ्टला हात लावण्याआधी

डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम (अनेक मशीन मिळून एक काम करतात ती) शिकतोयस, तर पॅक्सॉस-राफ्ट, म्हणजे मशीनचं एकमत करवणारे अल्गोरिदम, सध्या बाजूला ठेव, घाई नाही. आधी एवढं पक्कं कर:

- टाइमआउट झाला, म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही, म्हणून नोड (समोरचं मशीन) मेलाच असं नाही. कदाचित काम झालंय, फक्त उत्तर वाटेत हरवलंय. मग आंधळा रीट्राय केलास की 'खात्यातून ५०० वजा कर' दोनदा पोचतं आणि १००० जातात. प्रत्येक विनंतीला वेगळा आयडी दे. तोच आयडी पुन्हा आला तर सर्व्हरने जुनंच उत्तर द्यावं. नवशिके सगळ्यात जास्त इथेच आपटतात.
- दोन मशीनच्या घड्याळांवरून घटनांचा क्रम ठरवू नकोस, एनटीपी (घड्याळं जुळवणारा प्रोटोकॉल) असलं तरी. लेस्ली लॅम्पोर्टचा १९७८चा काउंटर (घड्याळाऐवजी आकड्यांनी घटनांचा क्रम लावणारा) कागदावर सोडवून बघ, तासाभराचं काम आहे.
- बहुमतावर चालणाऱ्या क्लस्टरमध्ये (नोडच्या गटात) ३ नोड असतील तर १ पडलेला चालतो, ५ असतील तर २. ४ घेतलेस तरी १च पडलेला चालतो, फक्त खर्च वाढतो.

कोड चालला की लीडर प्रोसेस (बाकीच्या नोडचं काम ठरवणारी) मुद्दाम किल कर आणि लॉग वाच. अडलास तर विचार.