आजीचं वय नक्की किती होतं?

प्रश्न : ताई, आमची आजी २०२४ च्या श्रावणात गेली. माहेर वडूजजवळचं, सासर पण खटाव तालुक्यातलंच. वर्षश्राद्धाला तिच्यावर छोटी पुस्तिका काढायचं ठरवलंय पण जन्मसालावरच अडलंय. आधारवर १ जानेवारी १९३०, मोठे काका म्हणतात शंभरीला टेकली होती, आत्या म्हणते नव्वदच. शाळा तिने पाहिलीच नाही. ती एवढंच सांगायची की वडूजला गोळीबार झाला तेव्हा ती परकरात होती आणि धाकट्या भावाला काखेला मारून फिरायची, लग्नानंतरची पहिली संक्रांत झाली आणि पंधरा दिवसांत जाळपोळ झाली, कोयनेच्या भूकंपात धाकटे काका रांगत होते. तिची दोन मुलं लहानपणीच गेली, ते लिहायला काकांचा विरोध आहे. कसं करू? – एक नात, पुणे

उत्तर : अगं, आजीने तुला सगळं सांगून ठेवलंय, फक्त तारखा तिच्या पद्धतीने सांगितल्यात. वडूजच्या कचेरीवरच्या मोर्चावर गोळीबार झाला तो ९ सप्टेंबर १९४२ ला, नऊ जण हुतात्मा झाले त्यात. भावाला काखेला घेऊन फिरणारी पोर म्हणजे आठ ते दहा वर्षांची धर. जाळपोळ म्हणजे गांधीजींचा खून झाल्यानंतरची, खून ३० जानेवारी १९४८ चा, म्हणजे संक्रांतीनंतर साधारण पंधरा दिवसांनी, तेव्हा लग्न १९४७ च्या उन्हाळ्यातलं असणार आणि नवरी तेरा-पंधरा वर्षांची, जे त्या काळी आपल्याकडे सर्रास होतं. दोन्ही हिशोब १९३२ ते ३४ वर येऊन जुळतात. शंभरी धरली तर बेचाळीस साली ती अठरा वर्षांची होते, आणि त्या वयाची पोर तेव्हा परकरात माहेरी फिरत नव्हती, एखादं लेकरू कडेवर असतं तिच्या! आत्या बरोबर आहे. आधारची तारीख सोडून दे, १ जानेवारी काय किंवा शाळेच्या दाखल्यावरचा १ जून काय, माहीत नसलं की टाकायच्या तारखा त्या.

कागदच हवा असेल तर तहसील कार्यालयात जुनं कोतवाल बुक असतं, गाव नमुना १४, त्यात जन्ममृत्यूच्या नोंदी मिळतात. पण सासरच्या नावाने शोधू नकोस, माहेरच्या गावात तिच्या वडिलांच्या नावापुढे बघ, बऱ्याच ठिकाणी बाळाचं नावच नसतं, नुसतं मुलगी एवढंच. नाही सापडलं तरी पुस्तिका अडवू नकोस, "जन्म अंदाजे १९३३" असं छाप आणि खाली हा सगळा हिशोब दे. मला तर तो हिशोबच नुसत्या तारखेपेक्षा जास्त आवडेल वाचायला.

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटे साडेचारच्या आत-बाहेर. काका रांगत होते म्हणजे ते त्याच वर्षातले. त्या पहाटे कोण कुठे झोपलं होतं, लेकरांना बाहेर कुणी काढलं, मग किती रात्री अंगणात काढल्या हे आत्याला विचार. बहात्तरच्या दुष्काळाचं तू काहीच लिहिलं नाहीस, पण खटाव-माणमधल्या घरात तो आल्याशिवाय राहणार नाही, दुष्काळी कामावर खडी फोडायला कोण गेलं, मजुरीचे पैसे कुणाच्या हातात पडायचे, सुकडी (कामावर वाटायचे तो कोरडा पौष्टिक खाऊ) मिळायची का, मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी लेकरं खायची का. "कष्टाळू, प्रेमळ, माऊली" हे शब्द सगळ्याच पुस्तिकांत असतात गं, त्यातून कुणाचीही आजी दिसत नाही. खडी फोडून आल्यावर तिने हाताला काय लावलं हे लिही, ती दिसेल.

आता ती दोन लेकरं. लिहायचीच, माझं स्पष्ट मत आहे. त्या काळी देवी, गोवर, हगवण यात घरोघरची मुलं गेली, यात घराण्याची बदनामी कसली. तिने नऊ महिने पोटात वाढवलेली मुलं, तिच्या आयुष्यातून ती वगळायची तर मग उरतं काय? काकांशी वाद घालू नकोस मात्र, ते पण त्या घरातच वाढलेत, त्यांच्या आईचं दुःख त्यांनी पाहिलंय, कदाचित म्हणूनच नको म्हणत असतील. शेजारी बसून विचार, नावं काय होती दोघांची. नावं सांगितली तर दोन ओळी पुरेत, नाव आणि किती महिन्यांचं होतं ते. आणि आजीची बहीण, नणंद, जाऊ कुणी हयात असेल तर याच महिन्यात जाऊन ये, पुस्तिका मागाहून झाली तरी चालेल.

प्रश्न : सासूबाई ८६ च्या आहेत. जात्यावरच्या ओव्या खूप येतात पण मोबाईल समोर धरला की आठवत नाही म्हणतात. – एक सून, बारामती

उत्तर : त्या खरंच सांगतायत, ओवी हाताबरोबर येते. जातं असेल तर मूठभर गहू घालून त्यांच्यासोबत खुंट्याला हात लावा, नसेल तर सूप द्या, आणि मोबाईल बाजूला ठेवून द्या चालू करून, आधी विचारून अर्थातच. त्यांच्या वयाची शेजारीण बोलवा, एकीने धरली की दुसरीला पुढची सुचते. घरात लग्न असेल तर हळदीच्या, घाणा भरायच्या वेळी तर हमखास. आणि हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखावर ओव्या जमवल्यात, त्यातल्या बऱ्याच आता पारीच्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) वेबसाईटवर ऐकता येतात, त्यातल्या दोन-चार लावून बघा, "आमच्यात अशी म्हणत नाहीत" म्हणून स्वतःची सुरू करतील. रेकॉर्डिंग नुसतं व्हॉट्सॲपवर ठेवू नका, फोन बदलला की जातं. फाईलला त्यांचं नाव, माहेरचं गाव आणि तारीख द्या आणि दुसऱ्या कुणाकडे तरी एक कॉपी ठेवा.