सोलापुरात गच्चीवर कुंडीत ढोबळी मिरची येते का? फुलं गळतायत, कुठलं खत घालू?

तुम्ही लिहिलंय की मार्चमध्ये नर्सरीतून दोन रोपं आणली, झाड हिरवंगार आहे, फुलंही येतात पण दोन-चार दिवसांत गळतात, आणि शेजारच्या कुंडीत लवंगी मिरची आहे तर ढोबळी तिखट होईल का. येते हो सोलापुरात, मी तीन-चार वर्षं लावतोय. पण आत्ता खत काहीच घालू नका, झाडाला काही झालेलं नाही, तुमचा महिना चुकलाय.

ढोबळी दिसायला दणकट, पण स्वभावाने भारी नाजूक. दिवसा साधारण 20 ते 30 डिग्री असलं की खूश. पारा 35 च्या वर गेला, रात्रीपण गरमच राहिली की फूल धरत नाही. नीट बघा, आधी फुलाचा देठ पिवळा पडतो, मग सांध्यातून टक्कन तुटून फूल खाली पडतं. आपल्याकडे मे मध्ये 42-43 होतं आणि गच्चीचा स्लॅब तर रात्री दहालापण गरम लागतो, त्यात झाडाने काय करावं! माझ्या पहिल्या वर्षी असंच झालं, फुलं गळायल्यात म्हणून मी युरिया घातला, झाड कमरेएवढं झालं, पानंच पानं, मिरच्या मोजून दोन. बायको अजून ऐकवते.

म्हणून माझं वेळापत्रक असं, जुलै संपता संपता बी ट्रेमध्ये, आठ-बारा दिवसांत उगवतं, पाच-सहा आठवड्यांनी म्हणजे गणपतीच्या आसपास रोप कुंडीत, दसऱ्याला फुलं, दिवाळीनंतर दोन-तीन आठवड्यांनी पहिली हिरवी मिरची, आणि जानेवारीत संक्रांतीला आपल्या गड्ड्याच्या जत्रेत झाड ऐन भरात. बाजारातल्या मिरचीचं बी काढून लावू नका, हिरवीतलं बी कच्चं असतं आणि बहुतेक मिरच्या हायब्रीड, त्यामुळे पुढं काय निघेल त्याचा भरवसा नाही. कॅलिफोर्निया वंडर नाहीतर इंद्राचं पाकीट घ्या.

तुमची दोन झाडं उपटू मात्र नका. दुपारच्या उन्हाला आडवी 50 टक्केवाली हिरवी शेडनेट बांधा (जुनी चादर टाकू नका, मी टाकली होती, आपली सोलापुरी चादर, वाराही अडला आणि उजेडही), कुंड्या विटांवर उचलून ठेवा, वरचे शेंडे थोडे खुडा आणि जूनपर्यंत नुसती जगवा. पाऊस पडून हवा गार झाली की तीच झाडं परत फुलतील.

कुंडी 12 इंचाच्या खाली नको. मी रंगाच्या 20 लिटरच्या पांढऱ्या बादल्या वापरतो, बुडाला सात-आठ भोकं, एका बादलीत एकच झाड. आपली नुसती काळी माती भरू नका, ओली असली की चिखल, वाळली की भेगा आणि कुंडीची कड सोडते, मग घातलेलं पाणी कडेनं खाली निघून जातं आणि मुळं कोरडीच. एक भाग माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, वर मूठभर निंबोळी पेंड, बास.

खरी गोम पाण्यात आहे. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, मग त्या दिवशी आपण धबधबा घालतो आणि नंतर विसरतो. त्यानं मिरचीच्या बुडाला तपकिरी, चामड्यासारखा डाग पडतो. लोक रोग समजून औषध मारतात. तो रोग नाही, पाणी कमीजास्त झाल्यानं फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. बॅरलमध्ये पाणी साठवा, रोज सकाळी बोट दोन पेरं खुपसून बघा, कोरडं लागलं तरच घाला. वर शेंगांची टरफलं पसरा, चटणीमुळं आपल्या घरात त्याला काय तोटा!

पानं वर वळून होडीसारखी झाली तर बहुतेक फुलकिडे (थ्रिप्स), खाली वळली तर कोळी, म्हणजे रस शोषणारी अगदी बारीक कीड (माइट्स). फुलकिड्यांना निळे चिकट सापळे आणि लिटरला 5 मिली नीमतेल, साबणाचे दोन-चार थेंब टाकून, संध्याकाळी. भर उन्हात मारलं तर पानं करपतात. कोळी असेल तर पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला 2 ग्रॅम, तेही उन्हाळ्यात नको आणि नीमतेलाच्या आगेमागे तर नकोच.

लाल-पिवळी ढोबळी वेगळी असते असं वाटत असेल तर तसं नाही, हिरवी म्हणजे कच्चीच. झाडावर अजून तीन-चार आठवडे ठेवली की जातीप्रमाणे रंग धरते. पण पहिल्या दोन-तीन हिरव्याच तोडा, झाडावरचा भार कमी होतो.

आणि लवंगीचं टेन्शन घेऊ नका. परागकण इकडंतिकडं गेले तरी या वर्षीचं फळ गोडच राहतं. त्याचंच बी धरून पुढच्या वर्षी लावलंत तर मात्र भाजीत पाणी पीत बसाल.