नातवाची पहिली शिकार : तयारी कशी असावी?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात राहते. येत्या नोव्हेंबरात जावई चौदा वर्षांच्या नातवाला हरणाच्या शिकारीला नेणार असून तेव्हा आम्हीही तिथे असू. मन धास्तावले आहे. काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी असल्याने तुमची धास्ती स्वाभाविक आहे, तिथे मात्र परवाना घेऊन, ठरावीक हंगामात शिकार करणे कायदेशीर आहे. १९७३ पासून जन्मलेल्यांना त्यासाठी सहसा सुरक्षिततेचे प्रशिक्षण घ्यावे लागते. नातवाचे ते झाले आहे का, हे जावईबापूंना आधी स्पष्ट विचारा. त्यात संकोच नको.

खरा धोका झाडावरच्या मचाणाचा असतो, कारण तिथून पडून अनेक जण जायबंदी होतात. चढताना खांदे, कंबर आणि मांड्या अशा पूर्ण अंगाला बसणारा सुरक्षापट्टा बांधलेलाच असावा. बंदूक हातात घेऊन कधीही चढू नये. वर बसल्यावर ती रिकामी, नळी खाली ठेवून दोरीने ओढून घ्यावी. चाप ओढण्याची वेळ येईपर्यंत बोट चापापासून दूर ठेवावे आणि हरणामागे काय आहे, हेही पाहावे.

बंदुकीच्या हंगामात शिकाऱ्याच्या कमरेवरील निम्मे तरी कपडे भडक नारिंगी किंवा गुलाबी असावे लागतात. तुम्ही नुसते रानात फिरायला गेलात, तरी तसेच जाकीट घाला. घरात बंदूक कुलपात आणि काडतुसे वेगळ्या जागी ठेवलेली आहेत ना, हेही पोहोचताच पाहून घ्या.