पेशी चिकटते की धरते?

कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाच्या मुलांना विज्ञान प्रदर्शनाचा फलक लिहायचा आहे: "रक्तपट्टिकांतून सुटणारी प्रथिने पेशींना पृष्ठभागाला चिकटायला मदत करतात." त्यांची शंका अशी, की 'चिकटणे' फार घरगुती वाटतं, तिथे 'आसंजन' घालावं का?

'आसंजन' चूक नाही. संस्कृत 'सञ्ज्' म्हणजे जडणे, बिलगणे. 'संग' आणि 'आसक्ती' त्याच धातूचे. पण मला दोन्ही शब्द इथे अपुरे वाटतात.

गुऱ्हाळावर काकवी बोटाला चिकटते, तेव्हा बोटाला काही करावं लागत नाही. पेशीचं तसं नसतं. जखम झाली की रक्तपट्टिका, म्हणजे प्लेटलेट, आपल्या पोटातल्या कणिकांमधून फायब्रोनेक्टिन, व्हिट्रोनेक्टिन अशी प्रथिनं बाहेर सोडतात. ती पृष्ठभागावर बसतात. त्यांच्या साखळीत अर्जिनिन, ग्लायसिन आणि ॲस्पार्टिक आम्ल असा तीन दुव्यांचा एक तुकडा असतो. तो 1984 साली ओळखला गेला. पेशीच्या अंगावरचे इंटेग्रिन नावाचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, नेमका हाच तुकडा पकडतात. मग पेशी पसरते, पाय रोवते. नावंही बोलकी आहेत: लॅटिन 'नेक्टेरे' म्हणजे बांधणे, 'व्हिट्रम' म्हणजे काच. व्हिट्रोनेक्टिन काचेला चांगलं चिकटतं, म्हणून ते नाव.

म्हणजे चिकटतं ते प्रथिन, पेशी धरते. तालमीत घामानं हात निसटायला लागला की पैलवान माती लावतो आणि मग पकड बसते, तसं हे. आणि 'धरणे' आपल्या बोलीत या अर्थानं आधीपासूनच आहे. रोप मूळ धरतं, कलम जीव धरतं, जखमेवर खपली धरते. जिवंत गोष्ट स्वतःहून घट्ट होते, तिथे मराठी माणूस सहसा 'चिकटली' म्हणत नाही.

मी लिहीन: "रक्तपट्टिकांतून सुटणारी प्रथिने पृष्ठभागावर बसतात आणि पेशींना तिथे पकड मिळते." 'आसंजन' हवंच असेल तर मथळ्यात ठेवा. आपल्याकडे 'चिटकणे'ही सर्रास म्हणतात. बोलताना खुशाल म्हणा, फलकावर मात्र हा शब्द लिहायचाच झाला तर 'चिकटणे'.

आणखी एक. डेंग्यूच्या दिवसांत घरोघरी "पेशी कमी झाल्या" म्हणतात, तेव्हा बोलणाऱ्याच्या मनात प्लेटलेट असतात. तुमच्या वाक्यात 'पेशी' म्हणजे त्या नव्हेत. जखम भरून काढणाऱ्या ऊतींच्या पेशी आहेत. म्हणून पहिल्याच ओळीत 'रक्तपट्टिका, म्हणजे प्लेटलेट' असं जरूर लिहा.