अनोळखी माणसाला जुनी गाडी विकताना पैसे कसे घ्यावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमळनेरची 2017 ची स्विफ्ट, जळगाव पासिंग, सौदा 3 लाख 40 हजारांना ठरला. घेणारा मध्य प्रदेशातल्या सेंधव्याचा, जाहिरात पाहून आलेला, ओळखदेख नाही. तो म्हणतो, "रविवारी येतो, 1 लाख यूपीआयने, बाकी रोख देतो आणि गाडी लगेच नेतो."

भाऊ, यातल्या तीन गोष्टी आजच बदलून घ्या: रविवार, रोख आणि लगेच नेणं.

आधी रोखीचं. बाकी म्हणजे 2 लाख 40 हजार. एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने 2017 पासून मनाई आहे आणि दंड पैसे घेणाऱ्याला होतो, जितकी रोख घेतली तितकाच. म्हणजे इथे तुम्हाला. "आज दीड लाख, उद्या 90 हजार" असे तुकडे करूनही सुटका नाही, कारण गाडी एक आणि व्यवहार एक. केळी-कापसाच्या पैशावर चालणाऱ्या आपल्या भागात लोकांच्या हातात रोख असते, त्यामुळे समोरचा खोटाच असेल असं नाही. पण जोखीम तुमची आहे. त्यातून 30-40 हजार रोख घ्यावेच लागले तर घरी किंवा हायवेच्या ढाब्यावर मोजू नका. तुमच्या बँकेच्या शाखेत जा, कॅशियरच्या मशीनवर नोटा मोजून तिथेच खात्यात भरा. खोटी नोट निघाली तर बँक ती जप्त करते आणि बदली देत नाही, म्हणून ती घेणाऱ्यासमोर निघालेली बरी, तो गेल्यावर नको. 2000 ची नोट तर घेऊच नका, बँकेच्या काउंटरवर ती आता भरता येत नाही.

या रकमेला माझ्या मते आरटीजीएस, म्हणजे मोठी रक्कम बँकेतून थेट दुसऱ्या खात्यात पाठवायची सोय, सगळ्यात चांगली. 2 लाखांपासून पुढे चालतं, डिसेंबर 2020 पासून 24 तास सुरू असतं आणि पैसे एकदा जमा झाले की पाठवणाऱ्याला ते परत ओढून घेता येत नाहीत. पण 24 तास हे मोबाइल किंवा नेट बँकिंगवाल्याला. फॉर्म भरून पाठवणाऱ्याला शाखा उघडी लागते, म्हणून रविवार नको, दुसरा-चौथा शनिवारही नको. मंगळवार-बुधवारची सकाळ धरा, काही अडलं तर दुपार हाताशी राहते. आयएमपीएस 5 लाखांपर्यंत जातं आणि तेही लगेच जमा होतं. एनईएफटी अर्ध्या अर्ध्या तासाच्या टप्प्यांनी जातं, त्यामुळे "पाठवले, येतीलच" म्हणत तुम्हाला बसवून ठेवायला वाव राहतो.

एक अडचण नेहमी ऐन वेळी येते: नवीन खातं जोडलं की बऱ्याच बँका सुरुवातीचे काही तास मोठी रक्कम जाऊ देत नाहीत. म्हणून त्याला तुमचा खाते क्रमांक आणि आयएफएससी दोन दिवस आधी द्या, खातं जोडायला सांगा आणि 1 रुपया पाठवायला लावा. त्या रुपयाने खातं बरोबर असल्याचं कळतं आणि पाठवणाऱ्याचं नावही दिसतं.

हे नाव फार महत्त्वाचं आहे. पैसे गाडी ज्याच्या नावावर होणार त्याच्याच खात्यातून यायला हवेत. "शालकाच्या खात्यातून टाकतो", "आमचे शेठ पाठवतील" असं म्हणाला तर नाही म्हणा. ते पैसे कुणाला ऑनलाइन फसवून काढलेले असतील तर महिन्याभराने सायबर पोलिसांचं पत्र येतं आणि तुमच्या खात्यावर होल्ड लागतो. गाडी गेलेली, पैसे अडकलेले, वर तुम्हीच खुलासा देत फिरायचं. आधार, पॅन आणि खात्याचं नाव तिन्ही जुळवून बघा, झेरॉक्सवर त्याची सही आणि तारीख घ्या.

पैसे आल्याची खात्री कशी करायची? त्याचा स्क्रीनशॉट नाही, त्याच्या फोनवरची हिरवी टिकही नाही. हुबेहूब पेमेंट अ‍ॅपसारखी दिसणारी खोटी अ‍ॅप आहेत. यूटीआर, म्हणजे बँकेच्या व्यवहाराचा नंबर, सांगितला म्हणूनही पैसे आले असं होत नाही. 10 आकडी मोबाइल नंबरवरून आलेला "क्रेडिटेड" मेसेज तर सरळ खोटा समजा. तुमच्या फोनवर, तुमच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक वाढलेली दिसली पाहिजे, नाहीतर पासबुक छापून घ्या. "चुकून 40 हजार जास्त गेले, परत टाका" असं कुणी म्हणालं तर आधी शिल्लक बघा. खरंच जास्त आले असतील तर ते बँकेमार्फतच परत जाऊ द्या.

यूपीआय इसारापुरतं ठेवा. साध्या व्यवहाराला दिवसाला 1 लाखाची मर्यादा आहे, नव्या फोनवर पहिल्या दिवशी बहुतेक ठिकाणी 5 हजारच जातात. आणि पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. "मी मिलिटरीत आहे, ऑफिसकडून क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका" हा सापळा गाड्यांच्या जाहिरातींवर वर्षानुवर्षं लावला जातोय.

चेकवर गाडी देऊ नका. वटला नाही तर केस करता येते, पण नोटीस 30 दिवसांत पाठवा, 15 दिवस वाट बघा, मग कोर्टात जा, आणि माणूस दुसऱ्या राज्यातला. पतपेढीचा चेक किंवा पे-ऑर्डर यांनाही हेच लागू. डीडी चालेल, पण खोटे डीडी छापले जातात, म्हणून ज्या शाखेने काढला तिथे त्याच्यासोबत उभं राहून घ्या किंवा शाखेचा नंबर स्वतः शोधून खात्री करा. डीडीवर छापलेल्या नंबरवर फोन करू नका.

पैशांइतकीच कागदांची काळजी घ्या. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म 29 आणि 30 कोरे सही करून देणं म्हणजे पैसे न घेता गाडी देण्यासारखंच आहे. परिवहनच्या साइटचा ओटीपीही पैसे जमा होईपर्यंत कुणाला सांगू नका. गाडी मध्य प्रदेशात जाणार म्हणून जळगाव आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) लागेल, फॉर्म 28 वर, चेसिस नंबरच्या पेन्सिल छापेसह. वाहतूक दंडाचं चलन थकलेलं असेल तर एनओसी अडते. लोक इथेच अडकतात: गाडी देऊन टाकतात आणि घेणारा "एनओसी आली की उरलेले 50 हजार देतो" म्हणतो, मग फोन उचलत नाही. त्यापेक्षा 10-15 हजार इसार घ्या, इसारपावतीवर मुदत आणि सौदा मोडल्यास इसाराचं काय ते लिहा, एनओसी तुम्ही काढा आणि मगच त्याला पूर्ण पैसे घेऊन बोलवा. कर्ज बाकी असेल तर तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरायला लावा. कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय बाकी काही पुढे जात नाही.

त्या दिवशी भेट तुमच्या बँकेत ठेवा. चालवून बघायची असेल तर तुम्ही शेजारी बसा. पैसे जमा झालेले दिसले की सह्या करा, मग आरसी, एनओसी आणि शेवटी दोन्ही चाव्या. ताबा पावतीवर तारखेसोबत घड्याळाची वेळ, किलोमीटर, इंजिन व चेसिस नंबर, रक्कम आणि यूटीआर लिहा, दोन प्रती करा, साक्षीदारांच्या सह्या घ्या. वेळ लिहायची कारण सेंधव्याच्या वाटेवरच्या बिजासन घाटात त्याच संध्याकाळी अपघात झाला तर आरटीओच्या नोंदीत मालक तुम्हीच असता आणि भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून विम्याची मुदत संपलेली गाडी देऊ नका. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, नो क्लेम बोनसचं (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचं) पत्र मागून घ्या, तो बोनस तुमचा आहे, गाडीचा नाही. फास्टॅग काढून बंद करा, नाहीतर सेंधव्यापर्यंतचे टोल तुमच्या खात्यातून कटतील.

एवढं करूनही गडबड झालीच तर पहिल्या तासातच 1930 वर फोन करा आणि सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडवले तरच मिळतात.