चिपवरचा लाल रंग फिका का येतो?

प्रश्न : मी कोल्हापुरात एम.एस्सी. करते. शिरोळच्या शेतात उसाच्या काही सऱ्यांना नेहमीसारखं पाणी दिलं, काहींचं तोडलं, आणि पानांतल्या आरएनएची (जनुक चालू असताना त्याची जी नक्कल बनते तिची) तुलना दोन रंगांच्या मायक्रोॲरेवर करून घेतली, म्हणजे अशा चिपवर जिचा एकेक ठिपका एकेका जनुकाचा आरएनए पकडतो. पाणी दिलेला नमुना प्रत्येक चिपवर हिरवा, पाणी तोडलेला लाल. मंद, म्हणजे कमी चमकणाऱ्या, ठिपक्यांत जवळपास सगळीकडे लालच कमी येतो. जनुकं खरंच मंदावली की मोजणीत गडबड आहे? क्वांटाइल नॉर्मलायझेशनने (सगळ्या नमुन्यांच्या आकड्यांची विभागणी एकसारखी करून घेण्याने) भागेल का?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : गडबड मोजणीतलीच दिसते. एवढी जनुकं मंदावली आणि नेमकी मंद ठिपक्यांतलीच, हे पटत नाही. आरएनएला लावलेले दोन रंग, हिरवा साय-थ्री आणि लाल साय-फाइव्ह, सारखे वागत नाहीत. साय-फाइव्ह तर फार नाजूक. हवेत ओझोन ५ ते १० पीपीबीच्या (अब्ज भागांत ५ ते १० भागांच्या) वर गेला की काही सेकंदांतच तो उतरू लागतो, हे २००३ साली दाखवलं गेलं. चिप धुतली त्या दिवसाची हवासुद्धा आकड्यांत शिरते.

आधी आलेख काढा. लाल भागिले हिरवा, त्याचा २ पायाचा लॉग उभ्या अक्षावर. दोन्हींच्या लॉगची सरासरी आडव्या अक्षावर. लाल ४००, हिरवा ८०० असेल तर उणे १. ठिपक्यांचा पुंजका डावीकडे खाली वाकत असेल तर लोएस वापरा, म्हणजे पुंजक्यातून वळणदार रेषा बसवण्याची पद्धत; तिने तो वाक वजा होतो. क्वांटाइलची घाई नको. बहुतेक जनुकं बदललेली नाहीत, हे लोएसही धरून चालतो. ऊस पार वाळला असेल तर मला या गृहीतकावर भरवसा वाटत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. एखाद्या जनुकाचा ठिपका मुळातच एक रंग जास्त धरत असेल तर लोएसला ते कळत नाही. तुमच्या सगळ्या चिपांवर रंगांची वाटणी एकच, त्यामुळे फरक पाण्याचा की रंगाचा, सांगताच येणार नाही. उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये आरएनए शिल्लक असेल तर रंग उलटे लावून तितक्याच चिपा पुन्हा करून घ्या. खर्च होईल, तरी गाइडकडे आग्रह धरा.

आणि पानं किती वाजता तोडली? एक गट सकाळी, दुसरा भर दुपारी घेतला असेल तर दिवसाच्या वेळेनुसार चढउतार होणारी जनुकं वेगळी दिसणारच, आणि ते कुठल्याही सूत्राने निघत नाही. शिवाय शिरोळहून कोल्हापूरला येईपर्यंत तोडलेल्या पानातला आरएनए बदलत राहतो. नोंदवहीत वेळ लिहिलेली नसेल तर नवे नमुने घ्या : दोन्ही गटांचे एकाच तासात, वरून मोजून तेच पान, आणि बांधावरच द्रव नायट्रोजनमध्ये टाकून.