जुनी हार्ड डिस्क लॅपटॉपला दिसत नसेल तर
आपण घेतलेली जुनी डिस्क विंडोजमध्ये दिसत नाही, एवढ्यावरून ती निकामी ठरवू नये. प्रथम लॅपटॉपच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) तिचे नाव येते का, ते पाहावे. नाव येत असेल, तर विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट हे साधन उघडून तिथे ती दिसते का, ते पाहावे. आधीच्या मालकाने ती लिनक्स किंवा मॅकवर वापरली असल्यास विंडोजला तिची फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली साठवण्याची पद्धत, सहसा वाचता येत नाही. फॉरमॅट करण्याविषयी विचारणा झाली, तरी आतील माहिती हवी असल्यास कृपया होकार देऊ नये.

बायोसमध्येही नाव नसेल, तर केबल बदलून वीजपुरवठा तपासावा. 2.5 इंची डिस्क 5 व्होल्टवर चालते, परंतु डेस्कटॉपच्या 3.5 इंची डिस्कला 12 व्होल्टही लागत असल्यामुळे ती साध्या यूएसबी केबलवर फिरतच नाही, तिला स्वतंत्र अडॅप्टर असलेला डॉक (डिस्क बसवून यूएसबीने जोडण्याचे उपकरण) लागतो. आतून सतत टकटक आवाज येत असेल, तर मात्र ती पुन्हापुन्हा सुरू करू नये, कारण माहिती वाचणारे हेड बिघडले असल्यास ते आतील तबकडीवर घासून माहिती कायमची नष्ट होऊ शकते.

डिस्क दिसू लागल्यावरही स्मार्ट नोंदींतील (डिस्क स्वतःच्या स्थितीविषयी ठेवते त्या नोंदींतील) रिअलोकेटेड, म्हणजे खराब झाल्याने बदललेल्या, व पेंडिंग, म्हणजे खराब असल्याचा संशय असलेल्या, सेक्टरचे (साठवणुकीच्या छोट्या भागांचे) आकडे पाहावेत. ते वाढत असतील, तर माझ्या मते ती विक्रेत्याला परत करावी.